कैवार घेणे: दुःखाच्या घरी प्रथमच जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दुखवट्याच्या घरी कसे जावे हे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. पाळकसाहेब किंवा फादर पुढे असतात, त्यांच्यामागे वडीलधारी माणसे असतात आणि आपण सर्वांत शेवटी दाराशी उभे असतो. मग एके दिवशी पाळक परगावी असतात, वडीलधारी माणसे थकलेली असतात, आणि रात्री साडेदहा वाजता फोन येतो की निदान तुम्ही तरी या. त्या फोननंतर काय करावे, याविषयी हा लेख आहे. तो लिहिणारी मी पाळक नाही. मंडळीच्या भेटीच्या कामात बरीच वर्षे काढलेली एक सभासद आहे, आणि येथे सांगितलेल्यांपैकी पुष्कळ गोष्टी मला आधी चुकल्यावर मग कळलेल्या आहेत.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना पवित्र आत्म्याचे अभिवचन देतो, तेव्हा मूळ ग्रीकमधील ‘पॅराक्लेटॉस’ या शब्दासाठी आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘कैवारी’ हा शब्द योजलेला आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘साहाय्यासाठी जवळ बोलावलेला’ असा होतो. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाच्या सांत्वनाविषयी लिहितो, तेथेही त्याच घराण्यातला शब्द तिसऱ्या ते सातव्या वचनांत दहा वेळा येतो. पण तेथे मराठीत ‘सांत्वन’ आले आणि योहानात ‘कैवारी’ आले, त्यामुळे ही दोन्ही एकाच मुळाची आहेत हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सांत्वन म्हटले की गोड शब्द आठवतात. कैवार म्हटले की कोणाच्या बाजूने उभे राहायचे हा प्रश्न येतो. दुःखाच्या घरी गेलेल्याने शोक करणाऱ्याचा कैवार घ्यायचा असतो. नवखा मनुष्य बहुधा तेथे देवाची वकिली करू लागतो, आणि त्याच्या जवळजवळ सर्व चुका तेथूनच सुरू होतात.

निघण्यापूर्वी

बातमी कळताच चप्पल घालून निघू नये. कोण गेले, केव्हा गेले, घरात कोणाला कळले आहे आणि कोणाला अजून सांगितलेले नाही, एवढे तरी जवळच्या एका माणसाकडून नीट विचारून घ्यावे. पुण्याला किंवा आखातात असलेल्या मुलाला बाप गेल्याचे घरच्यांनी सांगण्याआधी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावरून कळले, असे आपल्याकडे घडलेले आहे, आणि ती जखम त्या घरात अजून बोलून दाखवली जाते. कुटुंबाने कळवल्याशिवाय गटावर काहीही टाकू नये.

दोघांनी मिळून जावे. प्रभूने शिष्यांना दोघेदोघे पाठवले होते, आणि त्यामागचा व्यवहार दुःखाच्या घरी गेल्यावर चांगला समजतो: एक जण बसतो तेव्हा दुसरा चहा ठेवतो, पाणी भरतो, आल्यागेल्याला खुर्च्या देतो. घरात विधवा झालेली बाई असेल तर दोघांपैकी एक स्त्री असावी. आणि सीमाभागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती भाषेची. सासरे मराठी बोलतात, सून गोकाककडची असल्याने तिचे रडणे कानडीत असते, खानापूरकडच्या कॅथलिक घरात आजी कोंकणीतून ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत असते. मनुष्य बाजार कोणत्याही भाषेत करतो, परंतु शोक आईच्या भाषेतच करतो. म्हणून जोडीतील एकाला तरी त्या घराच्या आतल्या खोलीतली भाषा आली पाहिजे. ज्याला कानडी वाचता येत नाही त्याने तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ तरी कानाने शिकून ठेवावी: ‘यहोवनु ननगे कुरुबनु’. एका घरी मी मराठीत पूर्ण अध्याय वाचला तेव्हा कोपऱ्यातली आजी भिंतीकडे पाहत राहिली होती, आणि माझ्याबरोबरच्या अक्कांनी एवढी एकच ओळ म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

पवित्र शास्त्र बरोबर घ्यावे, पण पिशवीत ठेवावे. हातात धरून उंबरठा ओलांडला की समोरच्याला वाटते, आता उपदेश ऐकावा लागणार. पाण्याची बाटली, दोन रुमाल, आणि शक्य असेल तर बरोबर नेता येईल असे काही खाणे घ्यावे. एलिया संदेष्टा निराश होऊन झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे त्याने ऐकले ते चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. आपल्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे भाकरी, पिठले, आमटी-भात आणून देतात. ही रीत हिंदू शेजाऱ्यांची म्हणून आपल्यातील काही जण तिला नाक मुरडतात, ते मला कधी पटलेले नाही. मधुमेही माणसाला बिनसाखरेचा चहा आणि म्हाताऱ्याला पेज, एवढे लक्षात ठेवणारा मनुष्य त्या घराला दीर्घकाळ आठवतो.

उंबरठ्यावर

आत शिरल्यावर प्रथम सर्वांत अधिक ज्याचे गेले आहे त्याच्याकडे जावे. कॅथलिक घरात शवपेटीजवळ क्षणभर उभे राहून क्रुसाची खूण करतात, प्रोटेस्टंट घरात नुसते मान लववून उभे राहतात. आपण दुसऱ्या पंथाचे असलो तर त्या घरातील माणसे करतील तसे करावे आणि ज्याला आपले मन घेत नाही तेथे शांत उभे राहावे. ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’ हळू आवाजात म्हणावे. त्यानंतर एकच वाक्य पुरे असते: “काकू, बातमी कळली आणि राहवले नाही.” गेलेल्या माणसाचे नाव किंवा नाते उच्चारावे. “अण्णा गेले” असे म्हणावे; ‘ते’, ‘मयत’, ‘बॉडी’ हे शब्द त्या दिवशी घरच्यांना दगडासारखे लागतात.

“कसे काय झाले?” असे विचारू नये. तो प्रश्न सकाळपासून चाळीस जणांनी विचारलेला असतो. मात्र ती बाई आपण होऊन सांगू लागली, तर पहाटेच्या खोकल्यापासून दवाखान्यातल्या शेवटच्या सहीपर्यंत सगळे ऐकावे, आणि तासाभराने तेच पुन्हा सांगितले तरी प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकावे. सांगण्यात डॉक्टरांवर, जावेवर, नवऱ्यावर किंवा देवावर राग निघाला तर त्याची दुरुस्ती करण्याच्या भरीस पडू नये.

बसणे

मुलेबाळे आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आपल्या प्रवचनांमध्ये नेहमी खलपात्रे म्हणून येतात. परंतु त्यांनी आरंभी जे केले ते आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. ते आपापल्या गावांहून ठरवून आले, दुरून त्याला पाहून मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याचे दुःख फार मोठे आहे असे पाहून कोणी एक शब्दही बोलला नाही. बिघडले ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला तो त्यांना सहन झाला नाही, देवाची बाजू मांडलीच पाहिजे असे त्यांना वाटले, आणि पुढे कित्येक अध्याय त्यांनी ती मांडली. शेवटी देवच अलीफजाला सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोललेला नाही. ज्याची वकिली केली त्यानेच वकीलपत्र फेटाळले, असा तो प्रसंग आहे.

म्हणून पहिल्या भेटीत बोलण्यापेक्षा बसणे अधिक करावे. किती वेळ, असे नवखे विचारतात. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरतो. घरचे थांबा म्हणाले, किंवा घरात दुसरे कोणीच नसेल, तर रात्रभरही बसावे. मोबाइल बंद करून पिशवीत टाकावा. जमिनीवर चटई अंथरलेली असेल तर आपण खुर्ची मागू नये.

आपल्या खेड्यांतील बायका हेल काढून रडतात, गेलेल्याचे गुण आठवून आठवून रडतात, आणि शहरात शिकलेली आपली माणसे लगेच म्हणतात की ख्रिस्ती माणसाने असे रडू नये, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. या सल्ल्याला आधार म्हणून थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन पुढे केले जाते. ते वचन नीट वाचावे. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये, असे पौल तेथे म्हणतो. आशा असलेल्यांसारखा खेद करण्याला त्याने कोठेही मनाई केलेली नाही. उलट रोमकरांस पत्रात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा अशी त्याची आज्ञा आहे.

एक वाक्य, दोन उत्तरे

ज्याला या कामासाठी शास्त्रातील एकच भाग शिकायचा आहे, त्याने योहानाचा अकरावा अध्याय सावकाश वाचावा. लाजर मरून चार दिवस झाले आहेत. यरुशलेम जवळच असल्याने पुष्कळ यहूदी लोक मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणींचे सांत्वन करण्यासाठी आलेले आहेत. प्रभू येत आहे हे ऐकून मार्था सामोरी जाते आणि मरीया घरातच बसून राहते. पुढे दोघी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि दोघी एकच वाक्य बोलतात: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्या वाक्यात विश्वास आहे आणि तक्रारही आहे.

त्याचे उत्तर मात्र दोघींना सारखे मिळत नाही. मार्थेशी तो बोलतो. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे ख्रिस्ती अंत्यविधीत आजवर वाचले जाणारे वचन तिच्याच वाट्याला आले. मरीया पाया पडून रडते तेव्हा तो शिकवण देत नाही. त्याला कोठे ठेवले आहे, एवढेच विचारतो आणि स्वतः रडतो. काही क्षणांनी आपण लाजराला हाक मारून बाहेर आणणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरी तो रडला.

प्रत्येक घरात एक मार्था आणि एक मरीया असते. ज्याला प्रश्न पडले आहेत, जो हिशेब मांडतो आहे, जो “आता ते कोठे असतील?” असे सरळ विचारतो, त्याच्याशी पुनरुत्थानाविषयी बोलावे, ज्याला नुसते रडायचे आहे त्याच्याशी बोलू नये. भावाला एक आणि बहिणीला दुसरे हवे असते, कधी एकाच माणसाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे. कोणाला काय हवे ते तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाठ केलेली वाक्ये घेऊन आलेला मनुष्य तोंडाकडे पाहत नाही.

नाईन गावच्या विधवेला प्रभूने “रडू नको” म्हटले होते, असे कोणी दाखवून देईल. ते खरे आहे. पण त्यानंतर त्याने तिचा मुलगा जिवंत करून तिच्या हाती दिला. ज्याला ते करता येते त्याने खुशाल “रडू नको” म्हणावे.

वचन कोणते आणि केव्हा

मी या कामात नवीन असताना एका तरुण आईच्या घरी गेले होते. तिचे अकरा महिन्यांचे मूल गेले होते. मी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन वाचले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि आमच्यासाठी चहा घेऊन आली. त्यानंतर मी गेले की ती दर वेळी चहाच आणी. ते वचन खोटे नव्हते. ते तिने, तिच्या वेळी, स्वतः म्हणायचे होते, आणि मी ते तिच्या तोंडातून काढून घेतले. त्याच अध्यायात दोनच वचने आधी असे लिहिले आहे की, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्या दिवशी मी दोन वचने आधी थांबायला हवे होते.

पहिल्या आठवड्यात स्तोत्रांकडे जावे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, म्हणजे देवाकडे तक्रार करण्यासाठी लागणारे शब्द देवाच्या ग्रंथातच तयार ठेवलेले आहेत. तेरावे स्तोत्र ‘कोठवर’ असे पुन्हा पुन्हा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी आशेची ओळही जोडलेली नाही; फार खोल गेलेल्या माणसाला ते दाखवले की “हेसुद्धा बायबलमध्ये आहे?” असे तो आश्चर्याने विचारतो, आणि पुष्कळदा त्याच्याशी होणारे खरे बोलणे तेथून सुरू होते. परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो, हे चौतिसाव्या स्तोत्रातील वचन कोणत्याही घरी चालते.

तेविसावे स्तोत्र सर्वांना पाठ असते, म्हणून ते घाईने म्हटले जाते. आपल्या भागात मेंढपाळ हा चित्रातला मनुष्य नाही. रायबाग, गोकाक, चिकोडीकडच्या रस्त्यांवर खांद्यावर घोंगडी टाकून कळप हाकणारे कुरुब आणि धनगर आपण रोज पाहतो, आणि रात्री शेतात बसवलेल्या कळपाभोवती तो कसा जागतो तेही आपल्याला माहीत आहे. वाचताना त्याची आठवण करून द्यावी. आणखी एक बारकावा दाखवावा: हिरव्या कुरणांविषयी बोलताना स्तोत्रकर्ता देवाला ‘तो’ म्हणतो, पण मृत्युच्छायेच्या दरीत शिरताच ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे म्हणू लागतो. चौथ्या वचनापाशी थोडे थांबावे. पुढच्या ताटाची आणि भरलेल्या प्याल्याची त्या दिवशी फारशी गरज नसते.

गीत म्हणायचे असेल तर घरच्यांना विचारून, गेलेल्या माणसाच्या आवडीचे म्हणावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या ओठांवर असतात आणि ती पेटीशिवाय, टाळ्यांशिवाय, बसल्या जागी म्हणता येतात, हा त्यांचा मोठा उपयोग आहे.

प्रार्थना

“प्रार्थना करू का?” असे विचारावे आणि नकार आला तर तो स्वीकारावा. होकार आला तर दोन मिनिटांत संपवावी. प्रार्थनेच्या निमित्ताने समोरच्याला उपदेश करणे हा आपल्यातील जुना रोग आहे; “हे प्रभो, या बहिणीला समजू दे की...” असे वाक्य सुरू झाले की ती प्रार्थना प्रभूकडे न जाता बहिणीकडे वळली असे समजावे. गेलेल्याचे नाव घ्यावे, घरातील प्रत्येकाचे नाव घ्यावे, जे झाले ते किती वाईट झाले हे देवाला सरळ सांगावे, आजची रात्र निभावून ने एवढे मागावे. घरातील आजार, कर्ज, भांडण यांविषयी कानावर आलेले काहीही मोठ्या आवाजातील प्रार्थनेत येता कामा नये, कारण शेजारी दारात उभे असतात. डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी विचारावे, आणि परक्या बाईच्या डोक्यावर पुरुषाने ठेवू नयेच.

मुले आणि काही वाक्ये

“देवाला चांगली माणसे लवकर आवडतात”, “त्याची वेळ भरली होती”, “तुम्ही तरुण आहात, दुसरे मूल होईल”, “विश्वास कमी पडला” ही वाक्ये कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नयेत. लहान मुलांना “बाबा झोपले आहेत” असेही सांगू नये. आपण मोठी माणसे ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असे पत्रिकेवर छापतो आणि त्याचा अर्थ जाणतो. पण पाच वर्षांचे मूल त्या रात्रीपासून स्वतः झोपायला घाबरते. बाबा मेले, त्यांचे शरीर आता चालणार नाही, ते परत येणार नाहीत, आपण त्यांना मातीत ठेवणार आहोत आणि ते देवाजवळ आहेत असा आपला विश्वास आहे, असे साध्या शब्दांत सांगावे. “देवाने नेले” ऐकलेले मूल पुढे देवाचेच भय धरते.

मातीनंतरचे दिवस

दफनभूमीतून परतल्यावर मंडळीचे काम संपले असे समजण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. कॅथलिक घरांत पुढे काही दिवस जपमाळेची प्रार्थना आणि सातव्या दिवसाचा मिस्सा, म्हणजे चर्चमधील उपासना, असतो, त्यामुळे माणसांचे येणे टिकते. प्रोटेस्टंट घरांत एखादी घरची प्रार्थना झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घर रिकामे होते. तेव्हाच तुम्ही जावे.

या टप्प्यावर सांत्वनाचे रूप बहुतांशी कागदाचे असते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंदीची माहिती दवाखान्याकडून जाते, घरी झाला असेल तर ती घरच्यांनी द्यायची असते. कर्नाटकात अर्ज आणि दाखले कानडीत असतात, आणि आयुष्यभर मराठी शाळेत शिकलेल्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग तपासणेसुद्धा जड जाते. कानडी वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला तिच्याबरोबर पाठवावे. दाखल्यावरील नाव आधार कार्डाशी आणि बँकेच्या खात्याशी जुळते की नाही हे त्याच दिवशी पाहून घ्यावे, नाहीतर विम्याचे आणि वारसाचे काम महिनोन्महिने अडते. गरजू विधवेच्या मासिक वेतनाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयात, देता येतो. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे यालाच शुद्ध धर्माचरण म्हटले आहे, आणि रांगेत तिच्याबरोबर उभे राहणे हा मला त्याचा सरळ अर्थ वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांना पूर आला तेव्हाही घरे पडलेल्या लोकांना प्रथम चादर आणि कोरडे धान्य हवे होते. ऊब घ्या, तृप्त व्हा असे नुसते म्हणणाऱ्याची याकोबाने त्याच पत्रात चांगली हजेरी घेतली आहे.

ज्या मरणाविषयी कुजबुज होते

आत्महत्या झालेल्या घरी लोक जाणे टाळतात, आणि गेले तर दारातच कारण विचारतात. तेथे सर्वांत आधी जावे. कॅथलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही, तरीही आपल्या गावांत कोणी ना कोणी जुना नियम घरच्यांना ऐकवतोच. अशा वेळी फादरांशी किंवा पाळकांशी आधी बोलून, विधी होणार आहे हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत कळवावे. त्याच्या तारणाविषयी निकाल देणे आपल्या अधिकारातले नाही, एवढे बोलून तो विषय तेथेच थांबवावा.

पोटात गेलेल्या किंवा जन्मताच गेलेल्या बाळाचे दुःख आपल्याकडे दुःख म्हणून मोजलेच जात नाही. आईबापांनी नाव ठेवले असेल तर त्या नावाने प्रार्थना करावी. ठेवले नसेल तर ठेवायचे आहे का, असे हळूच विचारावे.

शोक करणारा मनुष्य आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, ‘मलाही जायचे आहे’ असे बोलत असेल, दारूकडे वळला असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. त्याला एकटे ठेवू नये. मानसिक त्रासात फोनवरून मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो आपल्या फोनमध्ये असू द्यावा, आणि तेथे बोलताना जवळ बसून राहण्याची तयारी ठेवावी.

हिंदू, मुस्लिम, लिंगायत किंवा जैन शेजाऱ्याच्या घरी जाताना त्यांच्या रीतीप्रमाणे बसावे, रक्षाविसर्जनासारख्या विधीला बोलावले तर जावे. त्यांनी विनंती केली तरच प्रार्थना करावी. दुसऱ्याच्या मरणाचा दिवस हा आपल्या प्रचाराचा दिवस करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि आपल्या मिश्र वस्त्यांमध्ये ते पुढच्या दहा वर्षांच्या शेजारावर पाणी ओतते.

वहीतल्या तारखा

एक छोटी वही करावी. गेलेल्याचे नाव, मृत्यूची तारीख, जन्मदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि घरातील मुलांची नावे तीत लिहावीत. महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने भेट द्यावी. भेटीला कारण लागत नाही, “इकडून चालले होते” एवढे पुरते. दोन नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरीवर जाणारे कुटुंब असेल तर गवत काढायला विळा घेऊन बरोबर जावे. गेलेल्या माणसाविषयी आपणच बोलणे काढावे. लोक आता त्याचे नाव टाळतात, त्यामुळे तो दुसऱ्यांदा मेल्यासारखे वाटते, असे मला एका मावशींनी वर्षश्राद्धाच्या सुमाराला सांगितले होते.

पहिला नाताळ सर्वांत जड असतो. गल्लीत सगळ्यांच्या दारात तारे लागलेले असतात आणि त्या एका दारात नसतो. करंज्या करायच्या की नाही यावरून घरात मायलेकींचे वाजते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच तिकडे जाऊन यावे आणि कॅरोल गाणारी मुले यंदा तुमच्या दारात थांबली तर चालेल का, की नुसती न गाता पुढे गेलेली बरी, असे विचारून घ्यावे. जे उत्तर मिळेल ते मुलांच्या म्होरक्याला कळवावे, आणि “थांबू दे, पण यांच्या आवडीचे गाणे नको” असे उत्तर आले तर ते गाणे कोणते, हेही तेव्हाच वहीत लिहून घ्यावे.